नाक्यावरचा फळा

मनवेलपाड्याच्या नाक्यावर मंडळाचा काळा फळा होता आणि माझं अक्षर बरं, म्हणून रोज सकाळी त्यावर बातम्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रक्तदान, निधन, लाइट जाण्याच्या वेळा असलं लिहिलं की दोन म्हातारे उभे राहत. एकदा टँकर उशिरा आला म्हणून चिडून टँकरवाल्यांना चोर म्हटलं, तर स्टेशनकडे निघालेली माणसं थांबली. कोणी पाठ थोपटली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला तेवढं पुरलं. मग मी रोज एक चोर शोधू लागलो.

आमच्या चाळींना पाणी आणणारा ड्रायव्हर जवळच्याच गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. एका संध्याकाळी तो फळ्यापाशी थांबून म्हणाला, "दादा, विहिरीवरचा पंप जललाय. दोन दिस पानी नाय येनार. तेवढं लिवा."

मी हो म्हटलं. सकाळी खडू हातात घेतला तर माणसं आधीच जमलेली. पंप जळला हे वाचायला कोण उभं राहतं? मी लिहिलं, 'आपलं पाणी बिल्डरला विकलं.'

तिसऱ्या दिवशी टँकर आला. आधी दगडांनी काच फुटली. मग लोकांनी ड्रायव्हरला केसांना धरून खाली ओढलं आणि गटाराच्या कडेला पाडून लाथा घातल्या. एकाने पाइपचं लोखंडी तोंड त्याच्या डोळ्यावर हाणलं. पंप जळला होता, एवढंच तो ओरडत होता. मी चार हात अंतरावर उभा होतो. भीती वाटली, पण खोटं कशाला बोलू, ही सगळी माझं वाचून आली आहेत या विचाराने आत गुदगुल्याही झाल्या. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी लिहिलं, 'पाणीचोराला जनतेचा चोप.' नाका भरला होता. गर्दीतून त्याची बायको पुढे आली. नवऱ्याचा डोळा गेला म्हणाली. तिच्या पदरावर रक्त सुकलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. फळ्याकडे बघत तिने मला विचारलं, "दादा, पंपाचं लिवलंय ना? ते बोलले, तुमाला सांगितलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. पुसायचा ओला फडका माझ्या हातातच होता. मी फळ्याकडे वळलो आणि लिहिलं होतं तसंच, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिला वाचून दाखवलं.