कॉपी नको, लिंक द्या!

एकाच ऑफिसात अठरा वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्याकडचे बरेचसे साचले ते एका सॉफ्टवेअरमुळे.

अंबडला आमचा इलेक्ट्रिक पॅनल बनवायचा कारखाना. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला साहेबांनी ते सॉफ्टवेअर आणलं. कल्पना साधी. फाइल एकाच जागी ठेवायची. मीटिंग, नोटीस, तक्रारी, जिथे लागेल तिथे फक्त तिची लिंक जोडायची. साहेबांनी भिंतीवर कागदच चिकटवला, "कॉपी नको, लिंक द्या!"

* * *

पहिला दणका स्टोअरच्या निकम नानांचा. नाना दिंडोरीहून मोटरसायकलवर यायचे. माणूस भलता टापटीप, टेबलावर एक जादा कागद खपायचा नाही. स्टोअरच्या पानावर त्यांना एका ड्रॉइंगची फाइल दिसली. आपल्याला काय करायची, म्हणून उडवली!

पाच मिनिटांत डिझाइनचा फोन, वर्कशॉपचा फोन, क्वालिटीचा फोन. ड्रॉइंग गेलं कुठे?

"मी माझ्याकडची काढली, तुमची नाय!" नाना म्हणाले.

कॉम्प्युटर सांभाळणारी आमची वैशाली शांतपणे म्हणाली, "नाना, ती सगळ्यांची मिळून एकच होती."

"एवढी मोठी कंपनी, अन् फाइल एकच?"

* * *

पुण्याची एक मोठी पार्टी आली होती. साहेबांनी अजेंड्याची लिंक स्वतःच्या हातानं जोडली, प्रोजेक्टर लावला, क्लिक केलं. पडद्यावर आलं : सोमवार, मटकीची उसळ. मंगळवार, शेवभाजी. कँटीनचा मेनू!

साहेबांचे कान लाल. पार्टीतल्या वयस्कर गृहस्थांनी चष्मा सारखा केला.

"आज बुधवार ना? मग एकदम तिसऱ्या मुद्द्यावर येऊ. भरली वांगी!"

ऑर्डर मिळाली. जेवणानंतर.

* * *

परचेसच्या कुलथे मॅडमनी मुलाच्या लग्नासाठी त्याचा बायोडाटा ऑफिसातच टाइप केला. लिंक चुकून जोडली गेली ती 'नवीन सप्लायर, मंजुरीसाठी' या पानावर. तिथे प्रत्येक खात्यानं शेरा मारायचा, असा नियम.

क्वालिटीनं लिहिलं, "आधी सॅम्पल बघावं लागेल."

नानांनी लिहिलं, "ठेवायला जागा नाय."

साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता लिहिलं, "मंजूर."

मॅडम दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पुढे लग्न ठरलं. साहेबांच्या पत्रिकेवर त्यांनी पेनानं लिहिलं होतं, "आपल्या मंजुरीनुसार!"

* * *

टेस्टिंगचे सोनवणे रिटायर झाले. अबोल माणूस. निरोपसमारंभातही "सगळ्यांचे आभार" एवढंच बोलून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी वैशाली सॉफ्टवेअरमधून त्यांचं नाव काढायला गेली आणि थबकली. प्रत्येक पॅनलचा टेस्ट रिपोर्ट सोनवण्यांच्या नावावर. त्याच रिपोर्टांना तक्रारी जोडलेल्या, सर्व्हिसच्या तारखा जोडलेल्या. नाव काढलं असतं, तर सगळ्या लिंक तुटल्या असत्या.

"सर, यांना काढलं तर निम्मी कंपनी बंद पडेल."

"मग राहू दे त्यांना," साहेब म्हणाले.

राहिले. पण हजेरीही त्याच सॉफ्टवेअरमध्ये होती! दोन महिन्यांनी इंदिरानगरला सोनवण्यांच्या घरी छापील पत्र गेलं : आपण विनापरवानगी सतत गैरहजर आहात. ताबडतोब कामावर हजर व्हावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला सोनवणे गेटवर हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, खिशात पत्र.

साहेब धावत खाली आले. "सोनवणे, अहो, माफ करा. चूक झाली. ते कॉम्प्युटरनं आपोआप पाठवलं."

"हो, ते कळलं मला," सोनवणे म्हणाले.

"मग?"

सोनवण्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"बायकोला अजून कळलेलं नाही. संध्याकाळपर्यंत बसू का?"