आबांनी नाकारलेली जीप

ठोकलेली गाडी दारात आली की आबा आधी गाडीकडं बघायचेच नाहीत. मालकाला विचारायचे, "माणसाला तर लागलं नाय ना?" उत्तर मिळेपर्यंत हातोडीला हात लावत नसत. गिऱ्हाईक घाईत असलं तर चिडायचं. आबांना त्याचं काही वाटत नसे.

शहागंजाच्या मागच्या गल्लीत त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. घराणं बिडकीनकडचं, मेंढरं राखणारं. आबा तेवढे शहरात येऊन पत्रा ठोकायला शिकले. माझी जुनी फियाट मी त्यांच्याकडं नेली, कारण आधीच्या दुकानदारानं दारावर बोटभर पुट्टी थापून वर रंग मारला होता आणि वर्षाच्या आत पोपडे सुटले होते. आबांनी ते खरवडून मला दाखवलं. "हे काय दार हाय? भिंत लिपल्यावानी लिपलंय," म्हणाले.

रंग देण्यापूर्वी ते गिऱ्हाइकाला बोलावून उघडा पत्रा बघायला लावत. "आत्ताच बघून घ्या. रंग चढल्यावर समदेच गोरे दिसत्यात." तो पत्रा बघायलाच एका सकाळी मी गेलो होतो, तेव्हा ती जीप आली.

जीप दुकानाच्या जागामालकाची होती. चालवत होता त्याचा मुलगा. बॉनेट दबलेलं, एक दिवा फुटलेला. आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "म्हैस आडवी आली," मुलगा म्हणाला. आबा वाकले आणि फुटलेल्या दिव्याच्या कडेला अडकलेली काळ्या लोकरीची दशी त्यांनी चिमटीत धरली.

"म्हैस घोंगडी पांघरत नाय, बाळासाहेब."

आदल्या संध्याकाळी बिडकीनच्या रस्त्यावर एका मेंढपाळाला उडवून कुणीतरी पळालं होतं, ते गावाकडून आबांच्या कानावर आलं होतं. मेंढपाळ जागीच गेला होता. थोड्या वेळानं जागामालक स्वतः आले. आवाज न चढवता म्हणाले, "आबा, दुपारपर्यंत गाडी नीट झाली पाहिजे. जागा कुणाची आहे, ध्यानात आहे ना?"

"व्हय, मालक. जागा तुमचीच हाय. पर ह्या पत्र्याला मी हात लावणार नाय."

बापलेक जीप घेऊन गेले. आबांनी अंगात सदरा चढवला, मला म्हणाले, "येता का?" आणि आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. मीही जबाब दिला.

पण पोलिसांनी जीप ताब्यात घेतली तोवर दुसऱ्या कुठल्या तरी दुकानानं ती नवी करकरीत करून दिली होती. कोर्टात आम्ही पाहिलं ते सांगितलं. समोरचा वकील आबांना म्हणाला, "मेलेला तुमच्या जातीचा, म्हणून बोलताय." आबांचा चेहरा उतरला तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मुलगा सुटला. मेंढपाळाची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून होती. आबा तिच्याजवळ जाऊन बसले.

दुकान तर जबाबानंतर आठवड्याभरातच गेलं होतं. जागामालकाच्या माणसांनी सामान बाहेर फेकलं त्या दिवशी माझ्या गाडीचं दार अर्धवट होतं. आबांनी ते भर रस्त्यात पुरं केलं. मग हातोड्या पोत्यात भरून ते गावी गेले. शहरात त्यांना पुन्हा कुणी जागा दिली नाही.

बऱ्याच वर्षांनी त्यांना भेटायला गेलो. घरापुढं बसून ते मेंढरांना पाणी पाजायचं पत्र्याचं घमेलं ठोकून सरळ करत होते. धाकट्या लेकीचं ठरलेलं लग्न त्या कोर्टकचेरीत मोडलं, ती अजून घरीच होती. चहा तिनंच आणला.

ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "आबा, पस्तावा होतो का?"

"व्हतो की. लई व्हतो. हिच्याकडं बघितलं की जीव जळतो."

"मग तशी जीप पुन्हा आली तर?"

आबांनी घमेलं खाली ठेवलं. दाराकडं एकदा पाहिलं.

"तर पुन्यांदा पस्तावीन," म्हणाले.