पुरुषांच्या बाकांकडे निघालेली एस्तेर

"एस्तेर प्रभूमध्ये झोपी गेली," असा मेसेज आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला आणि खरं सांगू, मी आधी चिडलेच. झोपी गेली म्हणे! वारली असं सरळ म्हणा ना. लांबलचक उपदेशात आम्ही पेंगायला लागलो की जी बाई कोपराने ढोसून जागं करायची, ती झोपेल? मग खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हापासूनची माझी मैत्रीण...

आमचं प्रेस्बिटेरियन चर्च जुनं, स्कॉटलंडच्या मिशनरींनी बांधलेलं. म्हातारी माणसं अजून त्याला देऊळच म्हणतात. आता चारी बाजूंना टॉवर आलेत, गायनांचे शब्द पडद्यावर दिसतात, पोरं गिटार वाजवतात, संध्याकाळी हिंदी उपासना होते. यातल्या प्रत्येक गोष्टीवरून भांडण झालं आणि प्रत्येक भांडणात एस्तेर पुढे! पण सगळ्यांत मोठं भांडण प्रभुभोजनाचं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्याचं. आमच्यात त्यासाठी उठून पुढे जायचं नसतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आपापल्या बाकांवर बसून राहतात आणि मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडलेले 'वडील', आमचे कारभारी, भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे घेऊन बाकाबाकाशी येतात. पेला हातात धरून थांबायचं. शेवटच्या माणसाला मिळाला की सगळ्यांनी एकदम प्यायचं. आणि वडील म्हणजे पुरुषच, हे इतकं गृहीत धरलेलं की कुणी कधी विचारलंच नव्हतं.

एस्तेरने विचारलं. "पेले धुवायला आम्ही आणि वाटायला तुम्ही? कुठल्या शास्त्रात लिहिलंय, दाखवा ना!" सर्वांत जास्त विरोध तिच्या सख्ख्या भावाचा. दादा स्वतः पूर्वी वडील होते. घरात बोलणं बंद झालं, फुगलेल्या चेहऱ्याने जेवणं झाली, पण मंडळीने एस्तेरला वडील म्हणून निवडलं ते निवडलंच.

पहिल्याच रविवारी या बाईने काय करावं? बायकांची बाजू सोडून ट्रे घेऊन थेट पुरुषांच्या बाकांकडे निघाली! पहिले बाक निभावले. मग आले दादा. त्यांनी हाताची घडी घातली. ती तिथून हलेना. अख्खी मंडळी पेले धरून ताटकळलेली, कारण एक माणूस बाकी असताना पिणार कसं? पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, घसा खाकरला. कुणाचं तरी बाळ रडायला लागलं... आणि एस्तेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दादा, घे ना रे. हात भरून आला माझा."

दादांनी पेला उचलला. इतक्या झटक्यात, की रस सदऱ्यावर सांडला. बाहेर व्हरांड्यात तिने मला कडकडून मिठी मारली. "जमलं गं! झकास जमलं!" मागून दादा कुरकुरले, "हा डाग काही जायचा नाही." "मग तुझा सदरा तूच धू," ती म्हणाली. त्या दिवसापासून दोघं बोलायला लागली.

पुढे तिने मलाही निवडणुकीला उभं केलं आणि मीही वडील झाले. पण मी बायकांच्या बाजूलाच वाटायचे. तिकडे एस्तेर होती ना.

ती गेल्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन परवा झालं. मला एकच भीती, तिच्यामागे हे सगळं गुपचूप गुंडाळलं जाईल. आणि तसंच होऊ लागलं. कुणी मुद्दाम केलं नाही, पण पुरुषांच्या बाजूचा ट्रे सहज एका तरुण वडिलांनी उचलला. मी आपला बायकांच्या बाजूचा ट्रे घेतला.

दादा आता काठी घेऊन येतात. ट्रे त्यांच्यासमोर आला आणि त्यांनी हाताची घडी घातली. सगळे पेले धरून थांबले. पाळकसाहेब वाकून विचारू लागले, बरं वाटत नाही का म्हणून. दादांनी मान हलवली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"ही बाजू माझ्या बहिणीची आहे. तू ये गं."

मी गेले. त्या तरुणाने ट्रे माझ्या हातात दिला. थेंबभरही सांडलं नाही. दादांनी पेला घेतला आणि मी पुढच्या बाकाकडे वळले.