ओल्या जमिनीची राखण

बातमी आली तेव्हा मी शोभाताईच्या लॉन्ड्रीच्या दारात आडवी खुर्ची टाकून बसले होते. राखण करत होते. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागल्या म्हणून चार दिवस आराम करायला वारंगा फाट्यावर थोरल्या बहिणीकडे गेले आणि तिने मला कामाला जुंपलं, हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं. सकाळी मिस्त्रीने धुण्याच्या खोलीतल्या जमिनीला वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात मारला होता. "कुणाचंबी पाऊल पडू देऊ नको. माह्यंबी न्हाई," असं बजावून ताई दाजींबरोबर टेम्पोत बसली. कळमनुरीच्या एका दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या होत्या, जेवायला परत यायचं होतं. जेवायच्या वेळेला दाजींचा फोन आला. ताईच्या छातीत कळ आली, नांदेडला नेत होतो, वाटेतच... फोन हातातच होता. तेवढ्यात एक कुत्रं दारापाशी आलं, त्याला मी "हाड" म्हणाले. बहीण गेल्याचं कळल्यावर तोंडातून निघालेला पहिला शब्द हा होता.

गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं, पण ताईला गोड गोड चालत नसे. ती तोंडाने फटकळ होती आणि चुकीच्या जागी काटकसर करायची. फाट्यावरच्या लॉजच्या चादरी घरी आणून धुण्यापासून तिने हा धंदा उभा केला. मग घराला लागून असलेली मोठी खोली भाड्याने घेतली, यंत्रं घेतली, शबानाला कामावर ठेवलं. खोली उंचवट्यावर, आणि मागच्या भिंतीला लागून खालच्या अंगाला खत-बियाण्यांचं दुकान. धुण्याचं पाणी फरशीच्या सांध्यांतून मुरायचं आणि त्या दुकानाच्या भिंतीतून पाझरायचं. दुकानदार ओरडला की ताई जुन्या फरशीवर नवी फरशी बसवून घ्यायची. "वरून चकचकीत दिसलं म्हंजे झालं," म्हणायची. दोनदा असं केलं. रोग आत, मलम बाहेर! शेवटी खताच्या पोत्यांचे दगड झाले, तेव्हा घरमालक दारात येऊन सांगून गेला, पुन्हा एकदा ओल दिसली तर जागा खाली करा. दाजी तिच्या टेम्पोवर, शबानाचं घर तिच्या पगारावर. ती जागा गेली तर दोन चुली विझणार होत्या.

त्या दिवसापासून ताईने कंबर कसली. दोन्ही थरांची फरशी फोडायला लावली. खालची रेती साबणाच्या पाण्याने काळी पडलेली, नाक धरावं असा वास. सगळी उपसून मिस्त्री पार काँक्रीटपर्यंत गेला. ताई स्वतः तारेच्या ब्रशने घासत बसली, धूळ राहिली तर वरचं औषध धरत नाही, असं मिस्त्री बोलला होता म्हणून. भेगा छिन्नीने रुंद करून भरल्या, मोरीच्या पाइपाभोवती मसाला ठासला, भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटची गोलाई काढली, मोरीकडे उतार दिला. उतार बरोबर आहे का, हे ती तांब्याने पाणी ओतून बघायची. कुठे थेंबभर थांबलं तरी, "काहून थांबलं हे? परत करा." मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाई, तुमाला काय इथून कालवा काढायचा का?" ताई खो खो हसली. यंत्रं अंगणात, धुणं उघड्यावर दगडावर, उन्हात काम, त्यात हे सगळं. दोन दिवस तिचा डावा खांदा दुखत होता. दगडावर आपटून आपटून दुखत असेल, असं तीही म्हणाली, आम्हीही म्हणालो...

तिला घरी आणलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जयभीम नगरातली माणसं जमली, हट्ट्याहून आई आली. घरातली न्हाणी एवढीशी, उभं राहायला एकच बाई मावेल. आई डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "माह्या लेकीनं जलमभर तिथं दुसऱ्याचं धुतलं. तिथंच तिला शेवटची आंघोळ घाला." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे आज लिहायला हरकत नाही. चार बायकांनी तिला उचललं, तरी ऐन वेळी मी दारातल्या खुर्चीपुढे जाऊन हात आडवे केले.

"आत न्हाई. जमीन ओली आहे."

"येडी झाली का गं?" आई म्हणाली. "मेलेल्या माणसापरीस जमीन मोठी झाली का?"

"तिनंच सांगितलं, आई. माझंही पाऊल पडू देऊ नको म्हणाली."

"अगं, ते जित्या माणसाचं बोलणं व्हतं!"

मी हलले नाही. बायका तिला तशीच हातावर धरून उभ्या होत्या. दाजींकडे पाहिलं तर ते टेम्पोच्या चाकाशी मान खाली घालून बसलेले. शेवटी शबाना पुढे झाली. दोरीवरच्या लॉजच्या चादरी तिने भराभर ओढल्या, बायकांच्या हातात टोकं दिली आणि अंगणात आडोसा केला. धुण्याच्या दगडाशेजारी फळी टाकून ताईला आंघोळ घातली. वारा सुटला होता, चादरी फडफडत होत्या, सारखं कुणीतरी "धरा, धरा" म्हणत होतं. मग पांढरी साडी, मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील... अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

काही दिवसांनी ताईचा जलदान विधी झाला आणि मिस्त्री परत आला. मोरीला बोळा मारून खोलीभर पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. दोन दिवसांनी पाणी रेघेवरच होतं. दुकानदाराने मागच्या भिंतीवरून हात फिरवून पाहिला. कोरडी. मग वर संरक्षणाचा थर आणि नवी फरशी बसली. आता शबाना आणि दाजी लॉन्ड्री चालवतात. मी दर रविवारी हिंगोलीहून जाते. लोक म्हणतात, ताईचं नाव राखलंस. कुणी असं म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. ओल्या थरावर पावलं पडली असती तरी तेवढा भाग खरवडून पुन्हा करता आला असता. मिस्त्रीनेच नंतर सांगितलं. पण त्या वेळी मला ताईचं एकच वाक्य ऐकू येत होतं. आजही तसाच प्रसंग आला तर मी काय करेन, मला खरंच माहीत नाही.

गेल्या रविवारी आई आली होती. लॉन्ड्रीच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून तिने चहा घेतला. आत शबाना चादरी खंगाळत होती. मी म्हटलं, "आई, आत ये ना. बघ तरी, किती छान झालंय."

तिने कप खाली ठेवला. "जिथं माह्या लेकीला येऊ दिलं न्हाई, तिथं मी काहून येऊ?"

मी तिचा कप उचलून आत नेला. चादरींचं पाणी कुठेही न थांबता मोरीकडे चाललं होतं.