साडभाऊ आणि त्यांची तांबडी माणसं

माझ्या साडभाऊंना भेटून आलेला माणूस घरी पोचला की आधी सदरा काढून झटकतो, हे आर्वीपासून तळेगावापर्यंत कुणीही सांगेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. सासुरवाडीत आम्हा जावयांची काही कमी नाही. कुणी तलाठी आहे, कुणी कापसाचा व्यापारी, मी अल्लीपूरच्या शाळेत मास्तर. पण लग्नकार्यात ज्यांच्या शेजारची खुर्ची हमखास रिकामी राहते असे जावई हे एकटेच. लोक त्यांना टाळतात असं मुळीच नाही, साऱ्यांचा त्यांच्यावर जीव आहे. फक्त त्यांच्याशी बोलताना प्रत्येकाची नजर त्यांच्या कॉलरकडे जाते, आणि कॉलरवर बहुतेक वेळा कुणीतरी असतं.

हे कुणीतरी म्हणजे मुंगी. साखरेच्या डब्यात सापडते ती नव्हे. ही झाडावर राहणारी, लांब पायांची, तांबडी, जिवंत पानं एकमेकांना शिवून त्यांची नारळाएवढी घरं करणारी. साडभाऊंची तळेगावजवळ घराला लागूनच संत्र्याची बाग आहे आणि त्या बागेची राखण या मुंग्यांकडे आहे. पालवी खाणारी अळी असो की रस शोषणारा किडा, जो येईल त्याला त्या धरतात, चारी बाजूंनी ताणतात आणि घरी घेऊन जातात. साडभाऊ त्यांना मुंग्या म्हणत नाहीत. 'आपली माणसं' म्हणतात. "आज आपले माणसं त्या कोपऱ्यातल्या झाडावर कामाले गेले," असं ते जेवताना सांगतात, आणि नवखा पाहुणा घास तोंडात तसाच ठेवून विचार करतो की बागेत तर कुणीच दिसलं नव्हतं.

गंमत अशी की हेच साडभाऊ पूर्वी आर्वीत कृषी केंद्र चालवत. घराणंच दुकानदारीचं. शेतकऱ्यानं खिशातून सुकलेलं पान काढायचा अवकाश, की कीटकनाशकाची बाटली काउंटरवर आलीच. मग एका वर्षी स्वतःच्या बागेत उभं राहून फवारणी करवून घेताना ते चक्कर येऊन पडले. वर्ध्याच्या दवाखान्यात काही दिवस ठेवावं लागलं, आणि तिथून ते परत आले ते निराळे होऊन. दुकान पुतण्याच्या हवाली केलं, डोंगराकडच्या एका जुन्या आंब्यावरून मुंग्यांची घरटी पोत्यात भरून आणली, संत्र्यांवर बांधली, आणि मुंग्यांना जमिनीवर उतरावं लागू नये म्हणून या झाडापासून त्या झाडापर्यंत सुतळ्या ताणल्या. कुणी कपडे वाळत घालायची जंगी तयारी केली आणि ऐन वेळी कपडेच विसरला, अशी ती बाग लांबून दिसे. आत शिरायचं तर वाकून. साडभाऊंना वाकायची इतकी सवय झाली की ते आर्वीच्या एसटी स्टँडवरसुद्धा वाकून चालत.

मुंग्यांना अधूनमधून सुकट लागते, हे त्यांना कुठूनसं कळलं. आता हे घर असं की अंड्याचं नाव काढलं तर ताई देवघरात पाणी शिंपडतात. तरी साडभाऊ बाजाराच्या दिवशी तोंडाला दुपट्टा गुंडाळून सुकट घ्यायला जात. दुपट्ट्याचा उपयोग शून्य होता, कारण असं वाकून चालणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. "शेटजी सुकट खाऊन राह्यले," अशी बातमी त्यांच्याआधी घरी पोचे. बिचाऱ्या ताई जावांना समजावत, "हे नाई खात वो. यायचे माणसं खातेत." त्यानं शंका मिटण्याऐवजी वाढत.

एका वर्षी बाग बघायला नागपूरचा व्यापारी आला. संत्री बघून खूश झाला, मान वर करून फळं न्याहाळू लागला, आणि एकदम गाणं आठवल्यासारखा नाचू लागला. अंगातला सदरा सुतळीवर लटकत ठेवून तो मोटारीपर्यंत पळाला. साडभाऊ मागून अगदी हळू आवाजात सांगत होते, "पळू नका जी, त्यायले वाटते तुमी काही चोरून नेऊन राह्यले." बागेत ते कधी मोठ्यानं बोलत नसत. तोडणीला येणाऱ्या बायांनासुद्धा हातांना राख फासून, आवाज न करता काम करावं लागे. त्या बाया एरवी काय गात, काय भांडत! त्या बागेत मात्र मयताला आल्यासारख्या गप्प असत.

हे सगळं हसण्यावारी न्यावं असंच मलाही वाटे. मग एका दुपारी मी त्यांच्याबरोबर बागेत गेलो. वारा अजिबात नव्हता. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाचं पान हलत नव्हतं. मी पहिल्या झाडाला हात टेकला, आणि त्या झाडातून बारीक सळसळ सुरू झाली. कुणी कागदावर वाळू ओततंय तशी. पानं हलत नव्हती, आवाज तर येत होता. मी हात काढला. सळसळ पुढच्या झाडात गेली, मग त्याच्या पुढच्या. बागेच्या आत, जिथे उजेड कमी होता तिथपर्यंत ती गेली आणि थांबली. मग तिथूनच पुन्हा आमच्याकडे यायला लागली.

"काय आहे हे?"

"काही नाई जी. पाय आपटून राह्यले पानावर. तुमी आले म्हणून एकमेकायले सांगते," साडभाऊ कौतुकानं म्हणाले. त्यांनी आपला हात खोडावर ठेवला. मुंग्या रांगेनं हातावर आल्या, मनगटापर्यंत चढल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या थांबल्या. डोकी वर करून. एकही चावली नाही. त्यांचा हात तांबडा होऊन गेला होता आणि ते बोलत होते संत्र्याच्या भावाविषयी. मी माझे दोन्ही हात खिशात घातले.

ताई मात्र रोज हे बघत होत्या. नवरा घरात कमी बोलतो, बागेत जास्त बोलतो. दार वाजलं तर ऐकत नाही आणि जेवता जेवता मान वळवून बागेकडे कान देतो. तरी त्यांनी निभावलं. पण एका दुपारी त्या जेवायला बोलवायला गेल्या तर साडभाऊ झाडाखाली बाजेवर निजलेले. फांदी वजनानं खाली आली होती, पानं त्यांच्या दंडाला लागत होती, आणि मुंग्या ओळीनं पान आणि सदऱ्याची बाही धरून ताणत होत्या. काहींच्या तोंडात पांढरी पिल्लं होती. पिल्लांच्या तोंडातून निघणारा रेशमासारखा धागा त्या इकडून तिकडे लावत होत्या. बाही पानाला शिवली गेली होती. कॉलरच्या टोकाशीही काम सुरू होतं. ताईंना वाटलं, माणूस गेला. त्या किंचाळल्या तेव्हा साडभाऊंनी डोळे उघडले आणि न हलता म्हणाले, "थांब थोडं. उठलो तं शिलाई तुटन."

त्याच दिवशी संध्याकाळी ताई आमच्या घरी अल्लीपूरला आल्या. हातात तोच सदरा. बाहीवर पांढरी, चिवट, कागदासारखी पट्टी, तिला पानाचे तुकडे चिकटलेले. "सवत एक असती तं झिंज्या धरल्या असत्या," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "हे लाखानं हायेत. आन मले ओळखते. मी आंगणात आली का झाडं बोलाले लागते. मी नाई जात आता." आणि त्या रडायला लागल्या. सदरा कुणी घरात घेईना. शेवटी तो अंगणातल्या दोरीवर राहिला.

समजूत घालायला मला धाडण्यात आलं. साडभाऊ ओट्यावर एकटेच बसले होते. स्वयंपाक नव्हता, मुरमुरे होते. मी शाळेत बोलतो तसं बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या ताईचं चूक नाई," ते म्हणाले. "पण एक सांगू का? मी बागेत पडलो नं, तवा मले दिसेनासं झालतं. आयकू मात्र येत होतं. म्हणजे, काहीच येत नव्हतं. पाखरू नाई, किडा नाई. फवारा मारल्यावर बागेत जे राह्यते, ते तुमी कधी आयकलं नाई. मले वाटलं, मी मेलो आन हे असंच राह्यते. मले आवाज पाह्यजे जी. कोनाचा का असंना."

आम्ही ज्याला भीत होतो त्याच्या आधारानं हा माणूस जगत होता. मुरमुरे खाऊन मी परत आलो.

उन्हाळा लागायच्या आधी तळेगावकडे गारपीट झाली. बातमी कळताच ताईंनी पिशवी उचलली, मीही सोबत गेलो. बागेत पानांचा आणि फळांचा चिखल झाला होता. साडभाऊ एकेका खोडाला कान लावत फिरत होते. विहिरीजवळचं सगळ्यात जुनं झाड मधोमध फाटलं होतं. त्याच्या शेंड्यावरचं मोठं घरटं पाण्यात लगदा होऊन पडलं होतं.

"राणी यातच होती," साडभाऊ म्हणाले. "बाकीच्यायले अजून समजलं नाई."

ते समजायला वेळ लागला. मुंग्या पुढेही सुतळ्यांवरून जात-येत राहिल्या. पण नवी पिल्लं नाहीत, पिल्लं नाहीत म्हणून धागा नाही, आणि धागा नाही म्हणून घरट्यांची पानं वाळून उलगडू लागली. रिकाम्या घरट्यांवर त्या पहारा देत उभ्या असत. एकेक झाड बोलायचं थांबत गेलं. ताई परत राहायला आल्या होत्या, घर स्वच्छ झालं होतं, सुकटीचा वास गेला होता. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण एका सकाळी चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "कालपासून फाटकाजवळचं झाडही बोललं नाई." साडभाऊंनी हातातला कप खाली ठेवला. बाई इतकी वर्षं ऐकत होती.

"डोंगराकडं जाऊन येऊ का?" ताईंनीच विचारलं.

सुटी होती म्हणून मीही गेलो. माझं काम जीप चालवायचं आणि लांब उभं राहायचं. साडभाऊ शिडीवर चढले, खाली ताई तोंडाला पदर बांधून, पोत्याचं तोंड उघडं धरून उभ्या. पहिलं घरटं पडलं तशा मुंग्या त्यांच्या हातांवर, मानेवर, केसांत पसरल्या. देवघरात पाणी शिंपडणाऱ्या या बाईच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या मी अजून घरी सांगितलेल्या नाहीत. पण पोतं सोडलं नाही. "अजून टाका! ते वरचं मोठं टाका! काऊन थांबले?" असं त्या ओरडत होत्या, आणि हळू बोलायचं त्यांना सांगायची साडभाऊंची छाती झाली नाही.

संध्याकाळी घरटी बागेत बांधून झाली. साडभाऊंनी खोडावर हात ठेवला. मुंग्या आल्या, आणि कडकडून चावल्या. त्यांनी हात काढला नाही, थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "नवीन हायेत. कोन कोनाचा, कसं समजन त्यायले."

ओट्यावर ताई चुना घेऊन बसल्या. आधी नवऱ्याच्या हाताला लावला, मग स्वतःच्या. दोघांचे हात सुजून सारखेच दिसत होते.

"राणी आली असन का पोत्यात?" साडभाऊंनी विचारलं. यंदा ते जरा थकलेले दिसत होते, शिडीवर त्यांचे पाय कापताना मी पाहिले होते.

ताई चुन्याचं बोट त्यांच्या मनगटावर फिरवत राहिल्या. "पावसाळ्यात समजन," त्या म्हणाल्या. "नसन आली तं अजून एकडाव जाऊ. पन मंग शिडीवर मी चढीन, तुमी पोतं धरजा."