सातवी भाकरी

बयाबाई मूळची सुरगाण्याची. नवरा गेल्यावर नाशकात आली आणि आमच्या कॉलनीत पाच घरचा स्वयंपाक धरला. त्यातलं एक घर माझं, एक समोरचं. समोर नोकरीवाली चार पोरं मिळून भाड्याने राहायची. गेल्या मार्चमध्ये त्यातल्या तिघांचा एका संध्याकाळी खून झाला. चौथा, शेखर, पिंपळगावला आईकडे गेला होता म्हणून वाचला.

वाचला कसला! पोलिसांनी चौकशी करून सोडलं, लोकांनी सोडलं नाही. कुठूनतरी त्या स्वयंपाकघराचा फोटो मोबाइलवर फिरला. टोपलीत सात भाकऱ्या, कोणी हात न लावलेल्या. माणसं तीन, प्रत्येकी दोन, मग सातवी कोणाची? शेखरची! म्हणजे तो तिथेच होता! बागेतल्या बाकावर आमच्या निवृत्त मंडळींनी खटला चालवून निकालही दिला. मी विचारलं, "चोवीस वर्षांच्या पोराचं एका भाकरीवर भागतं का हो?" तर म्हणे, "डाएट असेल."

शेखरची ओझरची नोकरी थांबली. तो आणि त्याची आई पिंपळगावला दार लावून बसले.

बयाबाई महिनाभर गप्प. एके सकाळी माझ्याकडे कणीक मळता मळता म्हणाली, "बाई, ती सातवी माझी व्हती."

"तुझी म्हणजे?"

"रोज एक जास्त थापायची, पदरात बांधून न्यायची. पोरांना इचारलं नाय कधी. त्या दिशी तिघांतला वाल्मीक ओट्यापाशी फोनवर बोलत उभा राहिला, हलंचना. मग राहिली टोपलीतच."

"पोलिसांना सांगितलंस?"

"त्यांनी भाकऱ्यांचं इचारलंच नाय. आता बोलले तर समदे चोर म्हणतील. कामं जातील."

"जातील," मी म्हटलं. खोटा धीर मला देता येत नाही.

तिने हात धुतले, कणीक तशीच टाकली आणि तरातरा खाली गेली. समोरच्या फाटकाशी शेखरच्या बातम्या मोबाइलवर टाकणारा एक व्हिडिओवाला रोज घुटमळायचा. त्याला म्हणाली, "काढ माझा फोटू. सातवी भाकरी माझी. रोज एक न्यायची मी, न इचारता."

त्याचं तोंडच उतरलं. "मावशी, नक्की? कोणी शिकवलं नाही ना?"

"चोरी शिकाया मास्तर लागतो व्हय रे?"

दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. दोन घरांनी त्याच दिवशी तिला काढलं. त्यातलं एक बाकावरच्या एका न्यायाधीशाचं. मी ठेवली. उपकार नव्हेत, तिच्या हाताला चव आहे आणि मला चुलीचा कंटाळा. तीन आठवड्यांत पलीकडच्या गल्लीत तिला दोन नवी घरं मिळाली.

खुनी अजून सापडलेला नाही. बाकावर आता दुसरी कथा रंगली आहे, तिच्यात घरमालकाचा मेहुणा आहे. शेखर मात्र नाशकात परत येऊन पुन्हा कामावर जातो आणि जाताना बयाबाईला तिच्या वस्तीवरून गाडीवर बसवून आणतो. ती मागे एका बाजूला पाय सोडून ऐटीत बसते. बाग आली की त्याच्या पाठीवर थाप मारते, "हळू घे रे जरा. बघू दे त्यांना."