आत्याची जीभ

माझ्या संगणकातली जीभ पहिल्यांदा बोलली, तेव्हा ‘गाडी’ऐवजी ‘गारी’ म्हणाली.

बोलताना जीभ, ओठ आणि जबडा एकमेकांना कसे सांभाळून घेतात, याची गणिती प्रतिकृती मी संगणकावर बांधत होते. कोण आधी हलणार, कोण मागून, सगळं आकड्यांत बसवलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी आवाज पुन्हा ऐकला.

“चुकलंय. ‘ड’ला जीभ मागे वळायला हवी. तुझा जबडा त्याआधीच उघडतोय.”

“चूक नाही सर. आमच्या घरी असंच बोलतात.”

सर हसले. मी हसले नाही. मी रेवसजवळच्या आगरी घरातली. शाळेत ‘घोरा’ म्हटलं म्हणून बाईंनी मला तासभर उभं केलं होतं. तो ‘ड’ मी रडत रडत शिकले होते.

“मग दाखव,” सर म्हणाले.

मी आत्यालाच घेऊन आले. मिठागरात उभं आयुष्य काढलेली बाई, रेवसच्या लाँचमधून भाऊच्या धक्क्यावर उतरली ती नवी साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. प्रयोगशाळेत तिच्या हनुवटीखाली गार जेल लावलं आणि ती ओरडली, “पोट सोरून जिभंची सोनोग्राफी? येरी झाली का गो तू?”

पडद्यावर तिच्या जिभेची पांढरी रेघ नाचत होती. आम्ही तिच्याकडून ‘गारी’, ‘झार’, ‘घोरा’ वदवून घेतलं. सर खुर्ची ओढून पुढे आले.

आत्याची जीभ उशीर करतच नव्हती. ती मागे वळायला निघतच नव्हती. टोक दातांमागे टिचकी मारून खाली येत होतं, आणि जबडा तिच्या तालावर चालत होता. माझ्या प्रतिकृतीत मात्र खरंच वेळ चुकली होती. शब्द आमचा निघाला, पण तो चुकून.

“म्हणजे तुमचं बरोबर होतं सर,” मी म्हटलं.

“अर्धंच,” ते म्हणाले. “ही बोलीसुद्धा बसव आता. नीट.”

महिनाभर खपून मी ती बसवली. ‘ड’वाली जीभ वेगळी, आत्याची वेगळी, दोन्ही आपापल्या ठिकाणी अचूक. मग आत्याला फोन लावून आवाज ऐकवला.

तिने तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. “बोलतंय बराबर,” म्हणाली, “पन लय घाई करतंय. जरा दमान बोलाला सांग त्याला.”

तिचं खरं होतं. मी वेग कमी केला.